कॅमेरामन स्वतःसह, मार्कंडा

मार्कंड्याला बातमी वर्षातून एकदा घडते आणि तिची तारीख आधीच पंचांगात छापून आलेली असते. २०२३ साली ती १८ फेब्रुवारीला घडली, २०२४ साली ८ मार्चला, २०२५ साली २६ फेब्रुवारीला. टीव्हीच्या धंद्यात जिला ‘ब्रेकिंग न्यूज’ म्हणतात, ती इतकी आगाऊ कळण्याचं भाग्य फार थोड्या वार्ताहरांच्या वाट्याला येतं. आमच्याकडचा टीव्हीचा प्रतिनिधी तर संक्रांत झाली की महाशिवरात्रीची बातमी लिहून मोकळा होतो. पुढे जत्रा भरते ती केवळ त्याच्या मजकुराला चित्रं पुरवण्यासाठी.

मजकूर ठरलेला आहे. ‘विदर्भाची काशी आणि मिनी खजुराहो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रीक्षेत्र मार्कंडादेव येथे आज भाविकांची अलोट गर्दी उसळली.’ यातली काशी खरी आहे, कारण उभा जन्म दक्षिणेकडे वाहण्यात घालवणारी वैनगंगा चामोर्शी तालुक्यातल्या या गावाशी येऊन वळसा घेते आणि चक्क उत्तरेकडे निघते. उत्तरवाहिनी नदीच्या काठी महादेव म्हटल्यावर काशी आलीच. खजुराहोही खरं आहे, कारण हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या देवळांच्या भिंतींवर शिल्पांची जी दाटी आहे, ती महाशिवरात्रीच्या रांगेइतकीच आहे. फक्त खजुराहोच्या एखाद्या वार्ताहरानं आपल्या गावाला ‘मध्य प्रदेशाचं मार्कंडा’ म्हटल्याचं अजून ऐकिवात नाही.

हा प्रतिनिधी म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. चामोर्शी, मूल, सावली, आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहा, तो भेटतो. म्हणून त्याला इथं नाव देत नाही. तसंही गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही. ‘पत्रकारभाऊ’ हेच त्याचं नाव, आडनाव आणि पत्ता. गॅस एजन्सीच्या पावतीवरसुद्धा एकदा तसंच लिहून आलं होतं.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात सरकारी माणसाला दम द्यायचा असेल तर ‘गडचिरोलीला पाठवीन’ असं म्हणायची जुनी रीत आहे. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा निघून हा जिल्हा झाला, आणि तेव्हापासून राज्यातल्या प्रत्येक खात्याला धमकीसाठी एक हक्काचं ठिकाण मिळालं. आमच्या प्रतिनिधीची मात्र चॅनलला मोठी पंचाईत होते. त्यानं घोळ घातला, तर त्याला पाठवायचं कुठं? तो आधीच इथं आहे. आणि चॅनल खूश झालं तर बक्षीस म्हणून काय द्यायचं, हाही प्रश्नच. एकदा डेस्कवरून निरोप आला, ‘तुमचं काम छान आहे, आता तुम्ही चंद्रपूरही बघा.’ म्हणजे पगार तोच आणि पेट्रोल दुप्पट. पगार तरी कसला म्हणा! तो ‘स्ट्रिंगर’ असतो. बातमी चालली तर पैसे, नाही चालली तर अनुभव. अशा अनुभवाच्या बाबतीत आमचा जिल्हा राज्यात आघाडीवर असावा.

मार्कंड्याची पहिली मोठी बातमी देणारा माणूस मात्र स्ट्रिंगर नव्हता. अलेक्झांडर कनिंगहॅम हे पुरातत्त्व खात्याचे साहेब १८७३ ते १८७५ दरम्यान मध्य प्रांतात फिरले, तेव्हा त्यांनी या देवळांची पाहणी केली. त्याचा अहवाल १८७९ साली छापून आला. मधल्या चार-पाच वर्षांत त्यांना कोणी फोन करून ‘अहो, फीड कुठाय? दुसऱ्यांनी चालवली पण!’ असं विचारलं नाही. त्याच्याही आधी केव्हातरी मुख्य देवळाच्या शिखरावर वीज कोसळली होती. आजच्या हिशेबानं केवढी बातमी! पण त्या वेळी तिथं उभं राहून ‘आपण पाहू शकता, माझ्या मागे शिखर दिसत नाहीये’ असं सांगणारं कोणी नव्हतं. ती कसर पुढे जीर्णोद्धाराच्या बातमीनं भरून काढली. काम सुरू झालं, काम थांबलं, काम सुरू करण्याची मागणी झाली, मागणीकडे लक्ष देण्याची मागणी झाली, अशा क्रमानं ती बातमी वर्षानुवर्षं चालली. प्रतिनिधीला ती मनापासून आवडते. एकदा काढलेले बांबूच्या परांच्यांचे शॉट पुढच्या वर्षीही तंतोतंत जुळतात.

दूरदर्शनच्या काळात हे सगळं सोपं होतं, कारण प्रतिनिधीच नव्हता. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. तिथं स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी बातम्या वाचत, आणि प्रदीप भिडे यांनी तर आपल्या आवाजानं पुढच्या दोन-तीन पिढ्यांना जेवायला बसवलं. बातमी देणारा मुंबईत आणि बातमी ज्याची तो गावात, अशी स्वच्छ विभागणी होती. दोघांची गाठ पडण्याची भीती नव्हती. भिड्यांनी बातमी वाचली म्हणजे ती झाली. त्यावर ‘पण आमच्या मोहल्ल्यात तसं नाही जी’ असं म्हणायला कोणी वरळीला जात नसे.

गोंधळ सुरू झाला तो २००० साली. ईटीव्ही मराठी आलं आणि त्यांना जिल्ह्याजिल्ह्यातून बातमी हवी होती. गंमत अशी की मराठी बातम्या वाचल्या जायच्या हैदराबादला, रामोजी फिल्म सिटीत. मुंबईवाल्यांना हे फार विचित्र वाटलं. आम्हाला नाही. सिरोंच्याच्या माणसाला मुंबईपेक्षा हैदराबादच जवळ. आपली बातमी निदान शेजारच्या राज्यात तरी पोहोचली, एवढं समाधान त्याला पुरेसं होतं.

बातमी पोहोचायची मात्र एसटीनं. त्या काळचा प्रतिनिधी अजून भेटतो आणि सोनीच्या पीडी-१७० कॅमेऱ्याविषयी बोलताना त्याचा आवाज कापतो. मिनी डीव्हीची कॅसेट काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. शूट झालं की ती प्लास्टिकच्या डबीत, डबी लिफाफ्यात, लिफाफा कंडक्टरच्या हातात, आणि ‘स्टँडवर माणूस येईल घ्यायला’ एवढी एकच सूचना. मार्कंड्याच्या जत्रेची बातमी अशी दुपारच्या गाडीनं निघायची. कंडक्टर लोक त्या काळी आमच्या वृत्तव्यवस्थेचा कणा होते आणि त्यांना त्याची पूर्ण जाणीव होती. पुढच्या महिन्यात एसटीच्या खटारा गाड्यांवर बातमी करायची तर प्रतिनिधी ती कॅसेट कोणाच्या हाती देणार? त्यामुळे त्या काळात आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या टीव्हीवर उत्तम स्थितीत धावत होत्या.

मग २००७-०८ च्या सुमाराला चॅनलांचा पूर आला. झी चोवीस तास आलं, स्टार माझा आलं, आयबीएन लोकमत आलं. प्रतिनिधीची प्रतिष्ठा वाढली आणि त्याचबरोबर त्याच्या हातातल्या बूमची नावंही बदलू लागली. स्टार माझाचं २०१२ साली एबीपी माझा झालं. पुढे आयबीएन लोकमत न्यूज एटीन लोकमत झालं. मुंबईत ही कंपन्यांची उलथापालथ असते. इथं प्रश्न वेगळा पडतो. जत्रेतला फुगेवाला हळूच विचारतो, ‘भाऊ, पह्यलं चॅनल सोडलं का जी? का काढलं?’ त्याला भागीदारीचा करार समजावून सांगण्यात अर्धा दिवस जातो आणि तरीही संध्याकाळपर्यंत गावभर होतं की पत्रकारभाऊला काढलं.

बूम या वस्तूविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आता सगळी कारकीर्द त्या चौकोनी डब्यात राहते. मोठ्या चॅनलचा बूम मुंबईहून कुरिअरनं येतो. यूट्यूबवरच्या स्थानिक चॅनलचा बूम फ्लेक्सच्या दुकानात तयार होतो. सनबोर्डचे चार तुकडे, त्यावर चिकटवलेलं रंगीत नाव, एका कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा आणि गोळ्याभोवती फिरणारी लाल रेघ. पृथ्वीच्या गोळ्यावर तालुका दिसत नाही, पण नाव ‘ग्लोबल’, ‘नेशन’ किंवा ‘महाराष्ट्र’ यांपैकी काहीतरी असतं. डब्याच्या मधल्या भोकात माइक. माइकची वायर खाली लोंबते आणि नीट पाहिलं तर ती कुठेच जोडलेली नसते. आवाज मोबाइलमध्येच भरतो. हे देणाऱ्यालाही माहीत असतं, घेणाऱ्यालाही. पण बूम समोर आला नाही तर माणूस बोलत नाही. पालकमंत्री तर मुळीच नाही. असे दहा-बारा डबे समोर मांडले की त्यांचा चेहरा खुलतो. एकच दिसला की ‘बाकीचे येऊ द्या’ म्हणून चहा मागवतात.

आता मुंबईला आमच्याकडून काय हवं असतं ते पाहू. यादी लहान आहे. नक्षलवादी, वाघ, ऊन आणि पूर. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या वर गेला की डेस्कला आमची आठवण येते. मग मे महिन्यात प्रतिनिधीनं डांबरी रस्त्यावर किंवा गाडीच्या बॉनेटवर अंडं फोडून दाखवायचं असतं. ते आमलेट आपोआप होत नाही. चंद्रपूरचं ऊन माणसाला भाजू शकतं, अंड्याला नाही. त्यासाठी फ्रेमबाहेर स्टोव्हवर तवा आधी तापवून घ्यावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढते आणि ‘भामरागडचा संपर्क तुटला’ ही बातमी वर्षानुवर्षं जाते. अलीकडच्या काठावरून बोलणारा प्रतिनिधी म्हणतो, त्यांचा संपर्क तुटला. पलीकडचे लोक कठड्याला टेकून उभे असतात. त्यांच्या मते जगाचाच त्यांच्याशी संपर्क तुटलेला असतो, आणि तोही पावसाळ्यापुरता नव्हे.

२०२१ साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला तेव्हा यादीत पाचवं नाव आलं. डेस्कला ताबडतोब दृश्यं हवी होती. हत्तींनी आगाऊ सूचना दिलेली नव्हती आणि धानाच्या बांधीत रात्री दोन वाजता त्यांच्यासमोर ट्रायपॉड लावायला कोणी तयार नव्हतं. फाइलला होते कमलापूरच्या कॅम्पमधले सरकारी हत्ती, आंघोळ करून गूळ खाणारे. पायातली साखळी फ्रेमच्या बाहेर राहील अशी कापाकापी करून काही दिवस भागलं. फक्त एक शॉट फसला. त्यात रानटी हत्ती सोंड वर करून कोणालातरी नमस्कार करत होता.

मार्कंडा या यादीत बसत नाही, ही त्याची अडचण. महाशिवरात्रीला डेस्कचा फोन येतो तो असा:

‘तुमच्या मागे काय दिसतंय?’

‘देऊळ, सर. आणि नदीचं पात्र.’

‘जंगल नाही दिसत?’

‘सर, इथं रेती आहे.’

‘गडचिरोली आहे ना? मग थोडं जंगल घ्या ना फ्रेममध्ये. लोकांना कसं कळणार?’

आमचा माणूस आज्ञाधारक. तो ट्रायपॉड उचलतो, देवळाकडे पाठ करतो आणि काठावरच्या दोन बाभळी व एक फुललेला पळस यांच्या आडोशाला जाऊन उभा राहतो. पट्टी चालते, ‘घनदाट अरण्यात शिवभक्तांचा मेळा’. घनदाट अरण्यामागून आइसक्रीमवाल्याचा भोंगा ऐकू येत असतो. ‘किती लाख भाविक?’ असं डेस्क विचारतं. तो म्हणतो, ‘मोजले नाहीत सर.’ मग मुंबईतच मोजले जातात.

मुंबईची हौस अशी भागली की उरतं स्थानिक चॅनल. तिथं वार्ताहर, कॅमेरामन, निवेदक आणि जाहिरात प्रतिनिधी ही चार पदं एकाच शर्टात बसतात. बातमीच्या शेवटी ‘कॅमेरामन अमुकसह तमुक’ म्हणायची पद्धत आहे. आमच्या भाऊनं पहिल्या दिवशी घाईत ‘कॅमेरामन स्वतःसह मी, मार्कंडा’ असं म्हटलं आणि ते इतकं खरं होतं की बदलावं असं कोणाला वाटलं नाही. त्याचा आवाज वडसा भागातल्या झाडीपट्टी नाटकातून आलेला. तिथं रात्री दहाला पडदा उघडतो, पहाटे मिटतो, आणि शामियान्याच्या शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला जागं ठेवायचं असतं. हा सगळा अभ्यास त्यानं बातमीत ओतला. ‘उद्या चामोर्शीचा वीजपुरवठा सकाळी दहा ते दोन बंद राहील’ हे वाक्य त्यानं असं उच्चारलं की दोन घरांत बायकांनी डोळ्याला पदर लावला.

चॅनलचं पोट शुभेच्छांवर चालतं. वाढदिवस, नियुक्ती, पुनर्नियुक्ती, पुण्यस्मरण. ‘युवा नेतृत्वाला अभीष्टचिंतन’ असं पडद्यावर सरकत असताना युवा नेतृत्वाचं वय पन्नासच्या पुढं गेलेलं असतं. महाशिवरात्रीला तर शुभेच्छुकांची अशी रीघ लागते की दर्शनाच्या दृश्यात महादेव मावत नाही. चारही बाजूंनी चौकटीत हात जोडलेले कंत्राटदार असतात आणि मध्ये जी फट राहते तीतून पिंड दिसते. केबलचं डिजिटायझेशन आलं, सेट-टॉप बॉक्स आले, घराघरावर डिश बसली, तेव्हा हे चॅनल बुडणार असं सगळ्यांनी सांगितलं. ते यूट्यूबवर गेलं. सोळाव्या वर्षी मार्कंडेयाला न्यायला आलेला यम महादेवानं परतवला ती जागा हीच, असं इथं मानतात. या परिसरात कोणी सहजासहजी मरत नाही, निदान शुभेच्छुक जिवंत असेपर्यंत.

चॅनलनं पुढे निवेदिका नेमली. डीएड झालेली, उच्चार स्वच्छ, शिक्षकभरतीची वाट पाहणारी. स्टुडिओ म्हणजे किराणा दुकानामागची खोली आणि भिंतीला ताणलेला हिरवा कपडा. कॉम्प्युटर त्या हिरव्याच्या जागी हवं ते चित्र बसवतो. सगळं सुरळीत होतं. मग तिचं लग्न झालं आणि आठवडाभरात ती कामावर हजर झाली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. महाशिवरात्रीचं बातमीपत्र सुरू झालं. पाठीमागे मार्कंड्याच्या देवळाचं चित्र. कॉम्प्युटरला बापड्याला चुडा आणि कपडा यातला फरक काय कळणार? त्यानं दोन्ही पुसलं. बाईंचे तळवे टेबलावर सुटे तरंगत होते, कोपर वेगळं होतं आणि मधल्या जागेतून शिखर दिसत होतं. त्या ‘नमस्कार’ म्हणाल्या आणि दोन तुटके हात देवळासमोर जुळले. काही घरांत लोकांनीही उठून नमस्कार केला. बाकीच्यांनी फोन केले, ‘बाईले काही झालं का जी?’ चुडा काढायला सासूबाईंची परवानगी नव्हती, नवा कपडा घ्यायला मालकाची नव्हती. अखेर सव्वा महिना बाईंनी हात टेबलाखाली ठेवून बातम्या वाचल्या. लग्नानंतर पोरगी फार गंभीर झाली, असं गावाचं मत पडलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण या कारकिर्दीतला अवघड पेपर वेगळाच आहे. मुंबईचा अँकर बातमी सांगतो आणि लिफ्टनं खाली उतरतो. ज्याच्याविषयी तो बोलला तो माणूस त्याला जन्मात भेटत नाही. आमच्या भाऊला तो दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या रांगेत भेटतो. नालीच्या निकृष्ट कामाची बातमी त्यानं एकदा धडाक्यात चालवली. नाली बांधणारा त्याच्या बायकोचा मामा. पुढच्याच आठवड्यात मामाजींच्या घरी लग्न होतं. भाऊ गेला, आहेर केला, पंगतीत बसला. वाढणारे त्याच्या अलीकडपर्यंत बुंदी वाढत आले आणि त्याच्या पलीकडून पुन्हा सुरू झाले. मानहानीचा दावा याहून लवकर निकालात निघत नाही.

दारूच्या बातमीचं तसंच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. नदीपलीकडे चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. अलीकडच्या काठावर ‘अवैध दारू जप्त’ ही बातमी बारमाही. तिची फ्रेमही ठरलेली. पुढे ओळीनं मांडलेले मोहाच्या दारूचे कॅन, मागे ओळीनं उभे असलेले शिपाई, आणि कॅन सोडून सगळ्यांची नजर कॅमेऱ्याकडे. ‘अज्ञात आरोपी फरार’ असं भाऊ गंभीर आवाजात सांगतो. ते ऐकत अज्ञात आरोपी समोरच्या टपरीवर चहा पीत असतो आणि म्हणतो, ‘आवाज चांगला आला भाऊ यावेळेस.’

मागच्या एका जत्रेत भाऊनं रांगेतल्या एका आजीचा बाइट घेतला. दर्शन कसं झालं, असं त्यानं विचारलं. आजी म्हणाली, ‘देव नाई दिसला बापा, लोकायच्या पाठीच दिसल्या. पण अंदर हाय म्हनते.’ श्रद्धेवर याहून नेमकं कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. भाऊनं ते मोठ्या चॅनलला पाठवलं. तिकडे डेस्कनं आजीचा तो भाग कापला आणि शेवटी ती जे ‘हर हर महादेव’ म्हणाली होती तेवढं चालवलं, तेही दुसऱ्याच बाईच्या चेहऱ्यावर. इकडे आजीच्या गावात टीव्हीसमोर सतरंजी अंथरून सगळा मोहल्ला बसला होता. सकाळी आजी भाऊच्या दारात. ‘मले काऊन कापलं?’ संपादकीय धोरण, वेळेची मर्यादा, मुंबईचा निर्णय, सगळं सांगून झालं. आजीनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मंग तू कायले होता?’ त्या दिवशी संध्याकाळी स्थानिक चॅनलवर आजीचा बाइट एक अक्षरही न कापता लागला. खोकल्यासकट.

चुकीची दुरुस्तीही इथं पडद्यावर होत नाही. एका वर्षी भाऊनं जत्रेच्या थेट प्रक्षेपणात शेवटची गाडी नऊला आहे असं जाहीर केलं. ती होती सातला. आठ वाजता स्टॉपवर बायामाणसं, पोरं, प्रसादाच्या पिशव्या आणि एकही गाडी नाही. मुंबईत अशा वेळी पट्टी चालवून दिलगिरी व्यक्त करतात. इथं लोकांनी एक ट्रॅक्टर थांबवला, ट्रॉलीत बसले, चामोर्शीला आले आणि पत्रकारभाऊचं घर विचारलं. ते सगळ्यांना माहीत असतंच. रात्री दहाला वहिनींनी शेजारून मोठं पातेलं मागून आणलं आणि चहा टाकला. ओसरीवर सतरंज्या पडल्या, अंगणात पोती अंथरली, म्हाताऱ्यांना खाट मिळाली. सकाळी पहिल्या गाडीनं पाहुणे निघाले तेव्हा त्यातल्या एका काकाजींनी भाऊच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, ‘बातमी चुकली जी तुमची, पन सोय चांगली होती.’

परवा त्याला नागपूरहून एका चॅनलच्या डेस्कवर नोकरी चालून आली. ठरलेला पगार, एसी, आठवड्याची सुटी, हातात बूम धरायची गरज नाही. सगळ्यांनी सांगितलं, घेऊन टाक. त्यानं फोनवर कामाची माहिती नीट विचारून घेतली. शेवटी म्हणाला, ‘सर, एक विचारू? तिथं बातमी चुकली, तर घरी कोन येते?’

पलीकडून हसून उत्तर आलं, ‘कोणी नाही हो. इथं कोण येणार घरी!’

भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याला खरोखरच कळेना तसं त्यानं विचारलं, ‘मंग लोक आपल्याले पाह्यतेत, हे मालूम कसं पडते जी?’